खडपातली वाट आणि दाजींची करटी

परवा नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, मला दहा-बारा वर्षांनी लहान. बोलता बोलता जुन्या बोटीच्या दिवसांचा विषय निघाला आणि ते अगदी सहज म्हणाले, "तो खडपातला अपघात झाला ना, तो त्या चिडक्या दाजीमुळे. म्हाताऱ्यानं दोन पडाव एकदम सोडले." आणि वर पेढा तोंडात टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, "तुम्ही होता तिथं?" तर म्हणाले, "मी नव्हतो, पण सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाला! गावाला जे सांगण्यात आलं तेच गावाला ठाऊक आहे. मी तिथं होतो. काय झालं ते मला ठाऊक आहे. पेढा तसाच ताटलीत ठेवून मी उठून आलो आणि हे लिहायला बसलो.

दाजी चेंदवणकर मुंबईत रेल्वेत होते. एका मोठ्या स्टेशनाच्या केबिनमध्ये बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, कुठल्या फलाटाला लावायची, कुणाला बाहेर थांबवून ठेवायचं. पुढे एका कानानं कमी ऐकू यायला लागलं आणि ते नोकरी सोडून मालवणच्या किनाऱ्यावर, आमच्या बंदराच्या गावी, कायमचे राहायला आले. रेल्वेचा काळा कोट बरोबर आणला होता. पितळी बटणं परत करावी लागली म्हणून त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, घरात मिळतील ती बटणं लावून दिली होती. पाच बटणं पाच तऱ्हांची. त्या कोटाला गावात सगळे हसायचे, पण दाजींच्या समोर कुणी हसत नसे.

कारण दाजी चिडके होते हे खरंच आहे. सकाळी चहात साखर कमी पडली की चिडत आणि जास्त पडली तरी चिडत. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघत; दिवसात दोन मोटारी येणाऱ्या आमच्या रस्त्यावर! कुणी हसलं की म्हणत, "हस मेल्या. गाडी काय तुका सांगान येतली?" एकदा एका लग्नात पहिली पंगत उठायच्या आत दुसरी पंगत मांडवात घुसायला लागली, तेव्हा हे गृहस्थ दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले. नवऱ्याचा मामा बाहेर ताटकळला. "पयली बाहेर जावंदे. एका वाटेर दोगे नाय," हे दाजींचं पालुपद. मामा रुसला, त्याची जिलबीनं समजूत काढावी लागली. पण त्या लग्नात कुणाच्या अंगावर आमटी सांडली नाही, हेही लिहून ठेवतो.

त्यांच्या रागाची एक खूण मात्र सगळ्यांना पाठ होती. मालवणीत ओरडत असले तर काळजीचं कारण नव्हतं. पाच मिनिटांत विसरत आणि तपकिरीची डबी पुढे करत. पण खरा राग आला की दाजींचा आवाज खाली यायचा आणि ते पुस्तकी मराठीत बोलायला लागायचे. "आपण" म्हणायचे. ज्याला दाजींनी "आपण" म्हटलं, त्यानं समजावं की आता या माणसाच्या लेखी आपण संपलो.

आता बंदराचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे रेल्वे नव्हती. मुंबईला जायचं तर आगबोट. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होत, त्या मेअखेरपर्यंत चालत. बोट धक्क्याला लागत नसे. खडकांमुळे लांब समुद्रात उभी राही. तिथून माणसं, ट्रंका, वळकट्या पडावांतून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्यांतून, आणायच्या. आणि बोट नि धक्का यांच्यामध्ये होतं खडप. पाण्यातल्या त्या खडकांच्या रांगेतून वाट एकच, आणि तीही एका वेळी एकच पडाव जाईल एवढी. सकाळी सगळे पडाव ओळीनं बाहेर जात तेव्हा अडचण नसे. अडचण परतीच्या वेळी. भरलेले पडाव आत येत असायचे आणि रिकामे झालेले पुन्हा बाहेर पळायचे, कारण जास्त खेपा कोण मारतो याची चढाओढ. मग वाटेत दोन पडाव समोरासमोर, शिव्या, वल्ह्यांची मारामारी, बायकांची रडारड.

दाजी कायमचे आले त्या दिवशी त्यांचा पडाव खडपात असाच अडकला. काकींची ट्रंक समुद्रात गेली. त्यात त्यांचं लग्नातलं रेशमी लुगडं होतं. दाजी धक्क्यावर उतरले आणि तासभर एकट्यानं ओरडत होते. मी तिथल्याच तिकीट ऑफिसात कारकून होतो. नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी टिकवायची एवढंच डोक्यात. खिडकीतून मला धक्का, खडप आणि उभी असलेली बोट असं सगळं सरळ दिसे. मला वाटलं, मुंबईचा पाव्हणा आहे, ओरडेल आणि घरी जाईल.

दुसऱ्या बोटीच्या दिवशी दाजी हजर. अंगात काळा कोट आणि हातात नारळाची करटी. लाल रंगवलेली, वर भोक पाडून काथ्या ओवलेला.

रेल्वेत एकेरी रूळ असतो तिथं ड्रायव्हरला एक वस्तू देतात. ती हातात असल्याशिवाय गाडी त्या रुळावर घालायची नाही. वस्तू एकच, म्हणून गाडीही एकच. दाजींनी खडपाला तोच कायदा लावला. बाहेर जाणाऱ्या पडावाच्या तांडेलाला, म्हणजे नावाड्यांच्या म्होरक्याला, ते करटी देत. तो खडपाच्या पलीकडे गेला की तिथं थांबलेल्या भरल्या पडावाला देई. तो ती गळ्यात अडकवून आत येई आणि दाजींच्या हातात ठेवी. ज्याच्याकडे करटी, त्याचीच वाट. बाकीच्यांनी उभं राहायचं.

पहिले चार दिवस तांडेलांनी त्यांना वेड्यात काढलं. पाचव्या दिवशी बुधो नावाच्या तांडेलानं, जो सगळ्यांत आडदांड, करटी घेतली आणि म्हणाला, "दाजीनू, बगूया तरी." त्या दिवशी एकही पडाव घासला नाही आणि खेपा उलट वाढल्या. त्यानंतर बुधो करटीचा दाजींपेक्षा कडक पहारेकरी झाला. कुणी करटीशिवाय खडपाकडे तोंड केलं की तो वल्हं उगारायचा.

पुढे दाजींना धक्क्याचा मुकादम नेमलं. मग त्यांनी धक्क्याच्या पायऱ्यांवर चुन्यानं आकडे घातले. एक, दोन, तीन. त्यांना ते फलाट म्हणत. एक नंबरला कुडाळकडच्या सर्व्हिस मोटारीची माणसं, दोनला मसुऱ्याच्या बैलगाड्यांची, तीनला गावातली. आणि उतरण्याचा क्रम ठरला तो असा की ज्याचा गाव लांब तो आधी. मान, हुद्दा, कपडे काही नाही. बोटीवर चढताना उलट बाजूनं तेच. जो लांबून आला तो आधी चढणार, गावातल्यांनी शेवटी.

एकदा एक म्हातारी मागच्या पडावात दबकून बसली होती. दाजींनी धक्क्यावरून हाक दिली, "तुझो गाव खयचो गो आये?"

"पिंगुळी, बाबा."

"मगे थंय मागे कित्याक बसलंस? काळोख पडाच्या आदी घराक जावचा नाय तुका? फुडे हाडा रे तिका!"

त्याच पडावात पुढे एक बडे सरकारी अधिकारी बसले होते. त्यांचा बंगला धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी आवाज चढवला, "मी कोण आहे ठाऊक आहे का?" दाजी म्हणाले, "ठावक आसा. तुमी ह्या समोरच्या घरातले. तुमका चार पावला चलाची आसत." आणि त्यांना सगळ्यांत शेवटी उतरवलं. मी खिडकीत हसून बेजार झालो. दाजींनी तिथूनही मला पाहिलं आणि ओरडले, "अनंता, दात मिटव आणि तिकिटा फाड!"

अशी सहा-सात वर्षं गेली. या वर्षांत खडपात एकही पडाव घासला नाही. ही गोष्ट आज कुणाला आठवत नाही. राहतो तो फक्त त्यांचा चिडकेपणा.

आमचा एजंट म्हणजे बोटीच्या तिकिटांचा आणि धक्क्याचा मालकच. माझी नोकरी त्याच्या हातात, दाजींची मुकादमी त्याच्या हातात, पडावांपैकी तीन त्याचेच. गोड बोलायचा. मला त्या गोड बोलण्याची आजही शिसारी येते. त्याला दाजींचा कायदा खुपायचा, कारण त्याचे पाहुणे गावातलेच आणि त्यांना शेवटी थांबावं लागे. तो दोन-तीनदा दाजींना म्हणाला, "दाजी, माणूस बघून थोडं मागेपुढे करायचं असतं." दाजींचं उत्तर ठरलेलं: "दर्याक कोणाचो जावय कळणा नाय."

मे महिन्यातली शेवटची बोट होती. त्यानंतर पाऊस, बोटी बंद. चाकरमानी परत निघालेले, धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. दुपारपासून वारा फिरला होता आणि खडपावर पाणी पांढरं फुटायला लागलं होतं. एजंटच्या लेकीच्या सासरची मंडळी मुंबईला निघाली होती. उन्हात उभं राहून राहून विहीणबाईंना घेरी आल्यासारखं झालं. एजंटनं आपल्या पडावाच्या तांडेलाला, पांडूला, हाक मारली आणि विहिणीला, व्याह्याला, पोराबाळांना त्यात बसवलं.

करटी त्या वेळी समुद्रात होती. बुधो भरलेला पडाव घेऊन आत यायला निघाला होता आणि ती त्याच्या गळ्यात होती.

दाजी तीन नंबरच्या पायरीवर आले. दोन्ही हात पसरले, तळवे उघडे. ओरडले, "पांडू, उभो रव! करटी बाहेर आसा! बुधो वाटेर आसा!" माझ्या खिडकीपासून ती पायरी पंधरा पावलांवर. शब्द न् शब्द ऐकू आला. हात रिकामे दिसले.

एजंट म्हणाला, "पांडू, सोड. मी सांगतंय ना?"

दाजींचा आवाज खाली आला. "एजंटसाहेब, वाटेत पडाव आहे. आपण माणसं खाली उतरवा."

"मुकादम कोण आणि मालक कोण?" एजंट म्हणाला. "सोड रे!"

पांडूनं दाजींकडे पाहिलं, एजंटकडे पाहिलं आणि दोर सोडला. त्याचं घर एजंटच्या जागेत होतं. मी पांडूला दोष देत नाही, निदान त्या दिवशीपुरता तरी नाही. दाजी कोटासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि पडावाची कड धरायला गेले. हाताला लागली नाही. मग ते खडपाकडे तोंड करून बुधोच्या नावानं ओरडत राहिले. वाऱ्यात ते बुधोला कसं ऐकू जाणार?

खडपातल्या वळणावर दोन्ही पडाव समोरासमोर आले. बुधोनं आपल्या पडावातली माणसं वाचवण्यासाठी वल्हं टाकून हातानंच पांडूचा पडाव रेटला. पाठीमागून लाट आली. बुधोचा उजवा हात पडाव आणि खडक यांच्यामध्ये सापडला. त्याचा पडाव कलंडला. माणसं खडकांना धरून राहिली, सगळी वाचली. बुधोचा हात कोपरापासून काढावा लागला. करटी त्याच्या गळ्यातून कुठं गेली ती गेलीच.

आणि करटी गेल्यावर ती कुणाकडे होती हे कसं सिद्ध करणार?

एजंटनं सांगितलं की दाजींनीच ती पांडूला दिली. पांडूनंही तेच सांगितलं, धडकेत ती पाण्यात पडली म्हणाला. एजंटची विहीण म्हणाली, "त्या काळ्या कोटवाल्यानं हात पुढे केला होता." केला होता, बाई! तुम्हाला अडवायला केला होता. बुधो त्या वेळी इस्पितळात तापानं बरळत होता. त्याच्या पडावातली माणसं जिवाच्या भीतीत होती, त्याच्या गळ्यात काय होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. धक्क्यावरची माणसं पुढच्या पडावांतून निघून मुंबईला पोचली होती. राहिलो मी.

चौकशीला वरून एक साहेब आले. चौकशी एजंटच्याच माडीवर झाली. आधी सुरमईचं जेवण झालं, सोलकढी झाली, मग मला वर बोलावलं. दाजी भिंतीलगतच्या बाकावर बसले होते, पाच तऱ्हांच्या बटणांचा कोट घालून. मला पाहून त्यांचा चेहरा सैल झाला. मला दिसलं ते. त्यांना वाटलं, अनंता आला, सुटलो.

साहेबांनी विचारलं, "पडाव सुटला तेव्हा करटी मुकादमांच्या हातात होती का? त्यांनी ती तांडेलाला दिली का?"

एजंट माझ्यासाठी खुर्ची पुढे करत होता.

मी म्हणालो, "मी तिकिटं फाडत होतो. मला दिसलं नाही."

बस्स. एवढंच बोललो. खोटं नाव घेतलं नाही, कुणावर आळ घातला नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. घरात बायकोचे दिवस भरत आले होते, आई अंथरुणाला खिळलेली, दुसरी नोकरी कुठं मिळणार होती, हेही सांगत आलो. आज या कारणांची मला चीड येते. दाजींना एका वाक्याची गरज होती आणि ते वाक्य जगात फक्त माझ्याकडे होतं.

चहातल्या साखरेवरून घर डोक्यावर घेणारे दाजी उठले, कोट सारखा केला, जिन्याशी आधी उजवीकडे आणि मग डावीकडे बघितलं आणि उतरून गेले.

मुकादमी गेली. चुन्याचे आकडे पुढच्या पावसात धुऊन गेले आणि पुन्हा कुणी घातले नाहीत. बोटी सुरू झाल्यावर एजंटचा एक पुतण्या धक्क्यावर उभा राहायला लागला; तो एजंटच्या ओळखीच्यांना हात धरून पुढे काढायचा. वल्ह्यांची मारामारी परत सुरू झाली. लोकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि सवय करून घेतली. एवढंच नाही, "दाजी होता तेव्हा फार वेळ जायचा" असंही म्हणायला लागले! याच लोकांच्या म्हाताऱ्या आयांना दाजींनी हात धरून पहिल्या पायरीवर उतरवलं होतं. मला तेव्हाही राग यायचा. मी तो गिळून तिकिटं फाडत असे.

दाजी धक्क्याकडे फिरकेनासे झाले. बुधो बरा होऊन आला, त्यानं दारोदार जाऊन सांगितलं की करटी माझ्या गळ्यात होती. लोक म्हणाले, बिचाऱ्याचा हात गेला, डोकंही फिरलं. एकदा तो माझ्या खिडकीशी आला. उरलेल्या हातानं खिडकीचा गज धरून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

तीन वर्षांनी, बोटीच्या एका गर्दीच्या दिवशी, मी खिडकीतून पाहिलं तर दाजी धक्क्यावर. गळा सुजलेला, कोट अंगावर लोंबत होता. बरोबर बुधो, एका हातात दाजींची वळकटी. घशाला काही धरलं होतं, मुंबईच्या इस्पितळात दाखवायचं होतं. ऊन रणरणत होतं. दोघं माडाच्या बुंध्याशी टेकले होते.

मी खिडकी लावली. आयुष्यात पहिल्यांदा बोटीच्या वेळी खिडकी लावली. पुतण्याला गाठलं, एजंटच्या नावाचा दम दिला आणि पहिल्या पडावात दोन माणसांची जागा अडवली. मग धावत दाजींपाशी गेलो. "दाजीनू, चला. पयल्या पडावात जागा ठेवलंय."

दाजींनी मान वर केली. बुधोनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"मसुऱ्याची माणसं गेली?" दाजींनी विचारलं. आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा.

"जातली ती मागसून. तुमी आजारी आसात."

"कुडाळकडची?"

मी बुधोच्या हातातली वळकटी घ्यायला गेलो.

"माझं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे," दाजी म्हणाले. "मी शेवटी जाईन."

"दाजीनू, ऊन बगा किती..."

"त्या दिवशी पंधरा पावलांवरून मी आपल्याला दिसलो नाही," दाजी म्हणाले. "आज एवढ्या गर्दीत बरा दिसलो."

आपल्याला. मला सहा-सात वर्षं "अनंता, दात मिटव" म्हणून ओरडणारा माणूस मला आपण म्हणाला.  मग ऑफिसात गेलो, खिडकी उघडली आणि तिकिटं फाडायला लागलो.

कुडाळची माणसं गेली, मसुऱ्याची गेली, गावातलीही गेली. दाजी शेवटच्या पडावात बसले. तांडेल नवीन होता, दाजींना ओळखणारा नव्हता. पडाव खडपाच्या तोंडाशी पोचला आणि समोरून एक भरलेला पडाव आत शिरताना दिसला. नव्या तांडेलानं वल्ह्यांवर जोर धरला. याच्या आधी आपण निघून जाऊ, असा त्याचा बेत दिसला. तेव्हा दाजी पडावात उभे राहिले. बुधोनं एका हातानं त्यांची कंबर धरली. दाजींनी दोन्ही हात पसरले, तळवे उघडे, अगदी त्या दिवशीसारखे. ओरडायला आवाज नव्हता. काय झालं कोण जाणे, तांडेलानं वल्ही उचलली. भरलेला पडाव सावकाश आत आला, त्यांच्या बाजूनं निघून गेला, आणि वाट मोकळी झाल्यावर दाजी खाली बसले.

ते मुंबईहून परत आले नाहीत. पुढच्या बोटीनं बुधो एकटा आला, हातात तो कोट घेऊन.

बारशातल्या त्या गृहस्थांनी हे वाचावं म्हणून लिहिलं आहे. दाजींनी करटी दिली नव्हती. ती बुधोच्या गळ्यात होती. दाजींचे हात रिकामे होते आणि ते सगळ्यांना थांबा म्हणून सांगत होते. मी खिडकीत होतो आणि मला स्वच्छ दिसत होतं.